‘सावध राहा’ एवढं सांगून भागत नाही

कोणाचं अकाउंट हॅक झालं, खात्यातून पैसे गेले किंवा खाजगी फोटो भलत्याच हातात पडले, की आजूबाजूच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अरे, पण तू त्या लिंकवर क्लिक केलंसच कशाला? म्हणजे चोरी करणारा राहिला बाजूला, ज्या कंपनीने डेटा धड सांभाळला नाही ती राहिली बाजूला, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचीच उलटतपासणी सुरू. मला हे अजिबात पटत नाही. ओळखीपाळखीच्या लोकांचे कम्प्युटर आणि अकाउंट निस्तरून देता देता माझं मत पक्कं होत गेलंय की ऑनलाइन सुरक्षिततेबद्दल आपण एकमेकांना जे सल्ले देतो त्यातले निम्मे तरी चुकीच्या माणसाच्या डोक्यावर ओझं टाकणारे आहेत. सावध राहा, सतर्क राहा, विचार करून क्लिक करा. ऐकायला बरोबर वाटतं, पण दिवसाला पन्नास मेसेज, वीस ईमेल आणि दहा नोटिफिकेशन बघणारा माणूस प्रत्येक वेळी सावध राहूच शकत नाही. आणि जी गोष्ट माणसाला जमणारच नाही तिच्या भरवशावर सगळी सुरक्षितता उभी करायची, आणि मग ती कोसळली की त्यालाच मूर्ख म्हणायचं, हा सरळ सरळ अन्याय आहे.

फसतात ते फक्त कम्प्युटरमधलं काही न कळणारे लोक, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघा. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका माणसाने गूगल आणि फेसबुक या दोघांना मिळून १० कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेला फसवलं. त्याने कुठलं भारी सॉफ्टवेअर वापरलं नाही, या कंपन्यांना हार्डवेअर पुरवणारी एक तैवानी कंपनी होती, तिच्याच नावाची दुसरी कंपनी काढली, तिच्या नावाने खोटी बिलं आणि ईमेल पाठवले, आणि तिकडच्या लोकांनी पैसे पाठवून दिले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली. ज्यांच्याकडे जगातले उत्तमातले उत्तम सिक्युरिटी इंजिनियर पगारावर आहेत त्यांच्या ऑफिसात हे होऊ शकतं, तर दिवसभर काम करून थकलेल्या, एका हाताने फोन धरलेल्या माणसाने कुरिअरच्या खोट्या मेसेजला बळी पडणं यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

फिशिंगमध्ये, म्हणजे खोट्या मेसेजने माहिती काढून घेण्यात, हुशारीपेक्षा योगायोगाचा भाग मोठा असतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचं पार्सल अडकलंय असा मेसेज एकाच वेळी लाखो लोकांना जातो, त्यातल्या बहुतेकांनी काहीच मागवलेलं नसतं, ते दुर्लक्ष करतात आणि स्वतःला हुशार समजतात. पण त्या लाखोंमध्ये काही हजार लोक असे असतात की जे खरंच त्या दिवशी पार्सलची वाट बघत असतात, आणि त्यांच्या दृष्टीने तो मेसेज अगदी वेळेवर आलेला असतो. जो वाचला तो शहाणा होता असं नाही, त्या दिवशी तो पार्सलची वाट बघत नव्हता एवढंच.

आता सल्ल्यांकडे येतो, कारण त्यांनी बराच घोळ घातलाय. सगळ्यात मोठा घोळ पासवर्डचा. एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर ९० दिवसांनी बदला, हा नियम तुम्हाला ऑफिसात, बँकेत, कॉलेजच्या पोर्टलवर सगळीकडे भेटला असेल. याचं मूळ बरंचसं २००३ मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. त्या लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत उघडपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नवीन सूचना काढल्या आणि त्यात म्हटलं की ठरावीक काळाने उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्हं आणि आकड्यांची सक्ती करू नका, लांब पासवर्ड चालू द्या आणि आधीच फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून बघा. कारण सक्ती केली की माणूस काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे, पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी १, त्यापुढे उद्गारचिन्ह, आणि तीन महिन्यांनी १ चा २. हल्ला करणाऱ्यांच्या प्रोग्रॅमना हे पाठ असतं. इतकी वर्षं होऊन गेली तरी अजून कितीतरी ठिकाणी तोच जुना नियम चालू आहे, कारण नियम बदलायची तसदी कोणी घेत नाही, आणि त्रास तर काय, वापरणाऱ्यालाच होतो.

२००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा सापडलेला पासवर्ड होता १२३४५६. यावर लोक आजपर्यंत हसतात. पण त्या कंपनीने हे सगळे पासवर्ड जसेच्या तसे, साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात साठवून ठेवले होते, म्हणजे तुम्ही कितीही अवघड, कितीही लांब पासवर्ड ठेवला असता तरी तो चोराच्या हातात आयता पडला असता, याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. याहू घ्या. २०१३ मध्ये त्यांच्याकडे चोरी झाली, ती जाहीर झाली २०१६ मध्ये, तेव्हा आकडा सांगितला १०० कोटी अकाउंट, आणि २०१७ मध्ये कबूल केलं की नाही, सगळीच्या सगळी ३०० कोटी होती. आता तिथे पासवर्ड नीट ठेवणाऱ्या माणसाने आणखी काय करायचं होतं?

इक्विफॅक्सचं उदाहरण तर मला सगळ्यात जास्त चीड आणणारं वाटतं. ही कर्जाच्या पात्रतेसाठी लोकांची आर्थिक माहिती गोळा करणारी कंपनी. २०१७ च्या मार्चमध्ये ती वापरत असलेल्या एका सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली, दुरुस्तीही लगेच उपलब्ध झाली, कंपनीने ती सगळीकडे लावलीच नाही, मे महिन्यापासून चोर आत आणि जुलैअखेरपर्यंत कोणाला पत्ता नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सरकारी ओळख क्रमांक गेले. यातल्या बहुतेकांनी त्या कंपनीला स्वतःहून माहिती दिलीच नव्हती, बँकांकडून ती परस्पर तिच्याकडे जात होती. ते कुठल्या लिंकवर क्लिक करायचे थांबले असते म्हणजे वाचले असते? सांगा ना.

म्हणजे वापरणाऱ्याने हातावर हात धरून बसायचं का, तर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सामान्य माणसाकडून थोडक्याच गोष्टी मागा, पण अशा मागा ज्या एकदा केल्या की नंतर स्वतःच काम करतात, त्याच्या रोजच्या सावधपणावर अवलंबून राहत नाहीत. ‘संशयास्पद ईमेल ओळखायला शिका’ याचा फायदा तुम्ही ताजेतवाने असाल तोवर. ‘ईमेलला टू-स्टेप लावा’, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागायला लावा, हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याचा फायदा तुम्ही झोपेत असतानाही होतो. दोन्ही सल्ले एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

तर पहिलं, एकच पासवर्ड अनेक ठिकाणी न वापरणं. कारण एखादी फुटकळ साइट फुटली की तिथला ईमेल आणि पासवर्डची जोडी चोर आपोआप शेकडो इतर साइटवर टाकून बघतात, हे काम मशीन करतं, त्यात तुमच्याशी वैयक्तिक वैर वगैरे काही नसतं. तुमचा ईमेल आधी फुटलेल्या डेटात आहे का हे सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या हॅव आय बीन पोन्ड या साइटवर फुकट बघता येतं, आणि बहुतेकांचा कुठे ना कुठे सापडतोच. शंभर साइटचे शंभर वेगळे पासवर्ड लक्षात ठेवणं अशक्य आहे म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरा, ब्राउझरमध्ये असतो तो चालेल, बिटवॉर्डनसारखा वेगळा चालेल, फक्त स्वतःच्या मशीनवर ठेवायचा असेल तर कीपास आहे. यावर हमखास येणारा प्रश्न, सगळे पासवर्ड एकाच जागी ठेवायचे आणि तीच जागा फुटली तर? प्रश्न रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, होते, पण साइटचे पत्ते उघडेच होते, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड (तिजोरी उघडणारा) कच्चा होता ते खरंच धोक्यात आले. म्हणून तो एक पासवर्ड तरी दणकट हवा. त्यासाठी १९९५ पासूनची एक साधी पद्धत आहे, डाइसवेअर, पाच वेळा फासा टाकायचा, जो पाच आकडी क्रमांक येईल त्यासमोरचा शब्द यादीतून उचलायचा, यादीत ७,७७६ शब्द असतात, असे सहा शब्द घ्यायचे. आवडत्या गाण्याची ओळ किंवा पोरांची नावं नकोत, फाशाने निवडलेले शब्दच हवेत, कारण ओळ तुम्हाला आठवते तशी चोराच्या यादीतही असते.

आणि वहीत लिहून ठेवणारे जे लोक आहेत, बरेचसे वयस्कर, त्यांना रागावणं बंद करा. दुसऱ्या खंडात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. शंभर ठिकाणी एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा वहीत शंभर वेगळे लिहिणं कितीतरी बरं. अपवाद एकच, ज्या माणसाला घरातल्याच कोणाकडून धोका आहे, पाळत ठेवणारा नवरा, सोडून गेलेला पण घराची चावी असलेला जोडीदार, त्याच्यासाठी वही सगळ्यात वाईट जागा. त्याच्या फोनची स्क्रीन कोण बघतं, त्याचं लोकेशन कोणाबरोबर शेअर आहे, फॅमिली अकाउंटचा अॅडमिन कोण आहे, हे प्रश्न पासवर्डच्या लांबीपेक्षा हजारपट महत्त्वाचे असतात. सरसकट सगळ्यांना एकच सल्ला देणाऱ्यांना हे लोक दिसतच नाहीत, त्याचं मला वाईट वाटतं.

दुसरं, टू-स्टेप, आणि ते सगळ्यात आधी ईमेलला, कारण बाकी सगळ्या अकाउंटचा ‘पासवर्ड विसरलो’ तिथेच येतो. २०१९ मध्ये गूगलने दोन विद्यापीठांबरोबर केलेल्या अभ्यासात नुसता एसएमएसवर येणारा कोडसुद्धा आपोआप चालणारे बॉटचे हल्ले १०० टक्के, घाऊक फिशिंग ९६ टक्के आणि एखाद्याला नेमकं हेरून केलेले हल्ले ७६ टक्के रोखत होता, आणि यूएसबीसारखी छोटी सिक्युरिटी की वापरली तर तिन्ही प्रकारांत १०० टक्के. एसएमएसमध्ये खोट आहेच, सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर फिरवून घेता येतं, २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचंच ट्विटर अकाउंट त्यांचा नंबर ताब्यात घेऊन वापरलं गेलं. जमलं तर अॅपवरचा कोड घ्या. पण नाही जमलं तर एसएमएस तरी लावा, आणि ‘एसएमएस असुरक्षित आहे’ असं सांगून एखाद्याचं असलेलंही काढायला लावू नका, तो मग काहीच लावत नाही.

आता याची दुसरी बाजू बघा. लोकांनी सांगितल्याप्रमाणे शहाण्यासारखे नंबर दिले, सुरक्षिततेसाठी म्हणून दिले, आणि ट्विटरने तेच नंबर आणि ईमेल जाहिरातींचं टार्गेटिंग करायला वापरले. २०२२ च्या मे महिन्यात त्याबद्दल अमेरिकेत १५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. मला विचाराल तर हा साध्या डेटाचोरीपेक्षा जास्त वाईट गुन्हा आहे, कारण यामुळे पुढच्या वेळी कोणी सुरक्षिततेसाठी नंबर मागितला की माणूस कचरतो, आणि त्याचं कचरणं बरोबरच असतं. विश्वास असा वापरून टाकला की तो परत कसा मिळवायचा?

पासवर्डऐवजी वापरायच्या पासकीबद्दल मात्र मी खरंच आशावादी आहे. २०२२ मध्ये अॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून ती आणायचं जाहीर केलं. तुमच्या डिव्हाइसवर एक गुप्त किल्ली राहते, ती साइटला कधी पाठवलीच जात नाही, आणि ती त्या एका खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. खोट्या साइटवर तुम्ही कितीही फसलात, तुम्हाला ती शंभर टक्के बँकेची वाटली, तरी किल्ली तिथे चालतच नाही. म्हणजे पत्त्यातलं एक अक्षर बदललंय हे बघायचं काम डोळ्यांवरून काढून मशीनला दिलं. असंच व्हायला हवं होतं, पहिल्यापासून. पासवर्ड मॅनेजरचाही हा गुण लोकांना कोणी सांगत नाही, तो खोट्या पत्त्यावर आपणहून पासवर्ड भरत नाही, त्यामुळे एरवी भरणारा मॅनेजर आज भरत नसेल तर हाताने टाइप करू नका, तिथेच थांबा.

याउलट कुलपाचं चिन्ह. पत्त्याजवळ कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. त्या कुलपाचा अर्थ फक्त एवढाच होता की तुमच्या ब्राउझरपासून त्या साइटपर्यंतचं बोलणं वाटेत कोणी ऐकू शकत नाही, पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे असं ते कधीच सांगत नव्हतं. त्या कुलपासाठी लागणारी सर्टिफिकेट फुकट मिळायला लागली, ती चांगली गोष्टच झाली, पण त्यामुळे चोरांच्या साइटवरही कुलूप आलं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं. तरी अजून सुरक्षिततेच्या पोस्टरवर ‘कुलूप तपासा’ लिहिलेलं असतं.

तिसरं अपडेट. ऑटोमॅटिक ठेवा आणि विसरून जा. वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) १२ मे २०१७ ला सुटला, सुमारे १५० देशांतली कम्प्युटर बंद पाडली, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या, आणि त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच देऊन ठेवली होती. पण इथेही सगळा दोष ‘नंतर आठवण करा’ दाबणाऱ्यावर टाकता येत नाही. अपडेटच्या नावाखाली दिसणं बदललं, जाहिराती आल्या, आपण बदललेली सेटिंग परत मूळ झाली, असे अनुभव आले की लोक अपडेट टाळायला शिकतात. आणि विंडोज १० चं बघा, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, कितीतरी धडधाकट मशीनवर पुढचं विंडोज चालायला परवानगीच नाही. अपडेट करायची इच्छा आहे, पण मिळत नाही, अशा माणसाला काय ‘सावध राहा’ सांगणार?

बॅकअपबद्दल थोडक्यात. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्कही रॅन्समवेअर लॉक करतो, आणि नुसतं क्लाउडवर सिंक होणं म्हणजे बॅकअप नाही कारण खराब झालेली फाइलही तितक्याच तत्परतेने सिंक होते. एक प्रत अशी हवी जी काम झालं की काढून बाजूला ठेवली जाते. आणि त्यातून एखादी फाइल परत उघडून बघा, न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

आता प्रायव्हसी. इथे ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे’ हे वाक्य ऐकू येतंच. मला या वाक्याचा राग येत नाही, माणूस प्रामाणिकपणे बोलत असतो, पण त्याचा हिशोब चुकतो, कारण माहिती एकट्याची नसते. राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरचं एक क्विझचं अॅप साधारण तीन लाखांच्या आतबाहेर लोकांनी घेतलं होतं, आणि माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण तेव्हा फेसबुक अॅपला मित्रांचीही माहिती उचलू देत होतं. ज्यांची माहिती गेली त्यातल्या बहुतेकांनी ते अॅप बघितलंही नव्हतं. आजही एखादं अॅप कॉन्टॅक्ट्स मागतं आणि आपण ‘अलाउ’ दाबतो तेव्हा आपण दुसऱ्यांचे नंबर देत असतो, त्यात एखादा असा असू शकतो ज्याने आपला नंबर मुद्दाम कोणाला कळू दिलेला नाही. लपवण्यासारखं तुमच्याकडे नसेल, त्याच्याकडे असेल, आणि त्यात गैर काही नसेल.

आणि ‘नाव काढून टाकलंय, डेटा निनावी आहे’ यावरही जाऊ नका. अमेरिकन संशोधक लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. तीनच गोष्टी. आपला फोन दिवसाला किती गोष्टी सांगतो याचा विचार करा.

संमती घेतली होती, असं कंपन्या म्हणतात. २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हिशोब केला की माणूस वर्षभरात जेवढ्या साइट बघतो त्या सगळ्यांच्या प्रायव्हसी पॉलिसी खरंच वाचायच्या ठरवल्या तर वर्षाला २०० तासांच्या आसपास वेळ लागेल. हे २००८ मधलं. जी गोष्ट वाचणं अशक्य आहे तिच्यावरचं ‘आय अॅग्री’ म्हणजे संमती नाही, आणि कायद्याने तिला संमती म्हणणं मला मान्य नाही. वर ‘नाही’ म्हणणं मुद्दाम अवघड केलेलं असतं, स्वीकारायला एक क्लिक, नाकारायला चार पायऱ्या. याच कारणासाठी २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केला, आणि मग युरोपात ‘सगळं नाकारा’ हे बटण शेजारी यायला लागलं. बटण टाकता येत होतं, तोपर्यंत टाकायचं नव्हतं.

लोकांचं रक्षण करतो म्हणून विकलेल्या गोष्टींनीही लोकांना विकलंय. अवास्ट हा फुकट अँटीव्हायरस कोट्यवधी लोकांच्या मशीनवर होता आणि कोणी कुठली साइट बघितली याचा डेटा तो आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकत होता, २०२० मध्ये ती बंद करावी लागली, २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. ओनाव्हो हे ‘सुरक्षित’ व्हीपीएन (तुमचं इंटरनेट आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) फेसबुकच्या मालकीचं होतं आणि लोक इतर कुठली अॅप किती वापरतात हे त्यातून फेसबुकला कळत होतं, २०१९ मध्ये ते बंद झालं. व्हीपीएनने तुम्ही गायब होत नाही, जे तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं एवढाच फरक. ब्राउझरच्या इनकॉग्निटो मोडचंही तसंच, ते फक्त तुमच्याच कम्प्युटरवर इतिहास ठेवत नाही, साइटला आणि इंटरनेट कंपनीला तुम्ही दिसताच. हे लोकांना इतकं कळत नव्हतं की गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत त्यांना अशा ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य करावं लागलं. जाहिराती रोखणारं एक चांगलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) मात्र जरूर लावा, २०२२ मध्ये एफबीआयने लोकांना सर्च करताना अॅड ब्लॉकर वापरायचा सल्ला दिला, कारण सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीच खोट्या साइटकडे नेत होत्या. बाकीची न लागणारी एक्स्टेन्शन काढून टाका, ती विकली जातात आणि नवा मालक काय करेल सांगता येत नाही.

‘पण डिफॉल्ट (आधीपासून लावून दिलेली सेटिंग) बदलणं कंपन्यांना परवडत नाही, लोकांनाच शिकवा’ असं म्हणणारे भेटतात. परवडतं. २०२१ मध्ये अॅपलने आयफोनवर प्रत्येक अॅपला ट्रॅक करायच्या आधी सरळ विचारायला लावलं, आणि पुढच्याच वर्षी फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, सांगितलं की आपलं वर्षाला सुमारे १००० कोटी डॉलरचं नुकसान होईल. म्हणजे नीट विचारलं तर लोक नाही म्हणतात, लोकांना प्रायव्हसी नको असते हे खोटं आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलमधले मॅक्रो (फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्रॅम) आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, वीस-पंचवीस वर्षं ‘अनोळखी फाइल उघडू नका’ असं सांगून जे झालं नव्हतं ते एका सेटिंगने बरंचसं झालं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडायच्या वस्तूंवर ‘अॅडमिन’ किंवा १२३४५ असे सरसकट सारखे पासवर्ड घालून विकणंच बेकायदा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने असलेच फॅक्टरीतले साठेक पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर ट्विटरसकट कित्येक मोठ्या साइट काही तास बंद पाडल्या होत्या. कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला शिकवत बसण्यापेक्षा कॅमेरा बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांना भाग पाडणं सोपं होतं. मी हेच मागतोय, सुरक्षित सेटिंग आधीपासून चालू असावं, आणि ज्याला बंद करायचं असेल त्याने कष्ट करावेत.

राहिला तो फसल्यानंतरचा भाग, आणि इथे आपल्या बोलण्याचा थेट परिणाम होतो. ज्याला माहीत असतं की सांगितलं तर आपल्यालाच बोलणी बसणार, तो दोन दिवस गप्प बसतो, स्वतःच काहीतरी करून बघतो, आणि ते दोन दिवस चोराला मिळतात. पैसे अडवायचे असतील तर पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात. तेव्हा कोणी घाबरून फोन केला तर ‘क्लिक कशाला केलंस’ विचारू नका, कुठलं अकाउंट आणि किती वाजता एवढंच विचारा, पैसे गेले असतील तर बँकेला लगेच फोन लावायला सांगा. मग दुसऱ्या, खात्रीच्या डिव्हाइसवरून ईमेलचा पासवर्ड बदला, बाकी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपलाच आहे का बघा. आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर नक्की तपासा, कारण चोर बऱ्याचदा तिथे एक नियम घालून ठेवतो, बँकेकडून येणारं प्रत्येक पत्र आपल्याकडे पाठवायचा किंवा परस्पर कचऱ्यात टाकायचा, आणि पासवर्ड बदलून निर्धास्त झालेल्या माणसाचं ईमेल त्यानंतरही महिनोन्‌महिने दुसऱ्याकडे जात राहतं.